दुसरा गुरुवार

ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात
दुसऱ्या गुरुवारी एकाच बोळात दोन दारं उघडतात.
डावीकडे मनाचे डॉक्टर.
उजवीकडे ती खोली, जिची पाटी
सगळे न वाचल्यासारखी वाचतात.
माझे दोन्हीकडे केसपेपर आहेत.
‘कुबल वैजयंती’ पुकारलं की मी आधी उठते,
मग बघते कुठून.

डावीकडे विचारतात, झोप लागते का,
आत रिकामं वाटतं का, हातावर नवीन काही?
उजवीकडे, जोडीदार किती,
शेवटचं कधी, निरोध वापरला का.
उत्तर एकच होतं, रकान्यात न मावणारं:
तो जाईल, म्हणून.

तो जाईल म्हणून निरोधाचं नाव काढलं नाही.
तो जाईल म्हणून नको असताना हो म्हटलं.
देहाची भूक असती तर सोपं होतं,
भरलं पोट की उठायचं पानावरून.
मला हवं असायचं ते नंतरचं:
घामट खांद्यावर डोकं, पंख्याची खडखड,
आणि तेवढी दहा मिनिटं
कुणी चपला शोधत नसणं.

चपला सगळेच शोधतात.

सोमवारी देव, शुक्रवारी हलकट;
मधले वार मला कुणाच्याच बाबतीत सापडले नाहीत.
आणि ऐन वेळी मी छताला जाऊन बसायचे.
खाली एक ओळखीची बाई
बरोबर जागी हसत असायची.

‘चेडवाक बाहेरचां लागलाहा,’ आई म्हणाली,
नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं.
गावाकडे माझ्यासाठी दोन अक्षरी शब्द होता.
डॉक्टरांकडे लांबलचक, त्यात एक सीमारेषा.
ते म्हणाले, समुद्रासारखं समजा,
लाट येते, लाट ओसरते.
डॉक्टर लातूरचे. त्यांना समुद्र नवीन आहे.
मी वेंगुर्ल्याच्या बंदरावर
बर्फ कारखान्यात हिशेब लिहिते.

बर्फाचं मात्र धुरी मॅडमनी सांगितलं ते पटलं:
हात शिवशिवले की मुठीत खडा धरायचा,
वितळेपर्यंत काही ठरवायचं नाही.
आमच्याकडे दिवसाला तीनशे लाद्या निघतात.
कधी कधी वाटतं, पुरायच्या नाहीत.

त्यांनीच एकदा पेन खाली ठेवून विचारलं,
तुला काय आवडतं?
मला वाटलं, जेवणातलं.
उत्तराला महिना लागला.
पाठीवर सपाट हात आवडतो.
दिवा चालू असलेला आवडतो,
म्हणजे छताला जाता येत नाही.
‘थांब’ म्हटल्यावर थांबणारा
अजून भेटला नाही, म्हणून आवडेल का माहीत नाही.
त्यांनी ते सगळं लिहून घेतलं,
औषधाच्या नावांइतक्याच नीट अक्षरात.

मग रक्ताचा कागद आला.
तीन आठवडे, तीन इंजेक्शनं, कमरेखाली, दगडासारखी.
हे बरं होतं, मॅडम म्हणाल्या. पण इनासला सांगावं लागेल.

इनास, जो त्या आठवड्यात देव होता.

दिवा लावून सांगितलं. एका दमात,
मुठीत खडा, कोपरावरून पाणी चटईवर.
तो काही बोलला नाही.
उठला.
चपला शोधू लागला.
मी खड्याकडे बघत राहिले. चिंचोक्याएवढा. मग तेवढाही नाही.

‘तुझी खंय?’ तो दारातून म्हणाला.
‘साडेसातची यष्टी चुकात.
माकाय टोचतले काय गो?’

हे काही बरं होणं नव्हे.
कुडाळ येईस्तोवर मी त्याच्याशी दोनदा भांडले,
एकदा खिडकीवरून,
एकदा तो एवढा शांत का म्हणून.
झारापला उतरून जावं असं मनात आलं,
त्यानं मागून यावं म्हणून फक्त.
उतरले नाही.

आता तो बोळातल्या बाकावर बसलाय,
दोन्ही दारांच्या बरोबर मध्ये,
पाटी मोठ्यानं वाचतोय, अक्षर लावत.
सगळे बघताहेत.
मी म्हटलं, थांब.

थांबला.